शेवटचा सामना हरल्यानंतर: कॉलेजच्या फुटबॉल संघाने पुढच्या हंगामाचा हिशेब कसा मांडावा

बाद फेरीतला सामना हरला की कॉलेजात दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. काही जण म्हणतात, हा संघ संपला, नवी मुलं आणा. काही म्हणतात, नशीब वाईट होतं, पुढच्या वर्षी बघू. दोन्ही मतं एका सामन्यावर उभी असतात आणि दोन्हींमुळे पुढचं वर्ष वाया जाऊ शकतं. पुढचा हंगाम कसा जाईल ते दोन गोष्टींवरून कळतं: संघातले कोण राहणार आहेत, आणि वर्षभरात झालेले गोल, आपले आणि आपल्यावरचे, नेमके कुठून आले. शेवटच्या सामन्याचा निकाल हा या हिशेबातला सर्वांत छोटा आकडा आहे.

गोव्याला हे नव्याने सांगायला नको. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्याला एफसी गोवा इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात ८७व्या मिनिटाला २-१ ने पुढे होता आणि ३-२ ने हरला. पुढच्या हंगामात तो आठ संघांत शेवटचा आला. १७ मार्च २०१९ रोजी हाच क्लब पुन्हा अंतिम सामना हरला, बंगळूरूकडून, जादा वेळेत ०-१. पण या वेळी महिन्याभरात त्याने सुपर कप जिंकला आणि २०१९-२० मध्ये साखळीत अव्वल राहून पहिलं लीग विनर्स शील्ड मिळवलं. कोरो, बूमूस, जाहू हा संघाचा गाभा तेव्हा जागेवर होता. त्याआधी गोव्याचाच धेंपो क्लब २०१४-१५ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय साखळीतून खाली घसरला आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीत अजिंक्य ठरला. पराभव सारखाच कडू होता, पण पुढची वर्षं वेगवेगळी गेली. म्हणून आधी हिशेब मांडायचा आणि मगच काय ते ठरवायचं.

पहिले चार दिवस

हरलेल्या संध्याकाळी सामन्यावर बोलू नका. प्रशिक्षकाने तीनच गोष्टी बघायच्या: कोण दुखावला आहे, कोण घरी कसा जाणार आहे, आणि पुढची भेट कधी. काणकोण, सांगे किंवा पेडण्याच्या मुलाची शेवटची कदंब बस चुकली तर त्याला मैदानात एकटा सोडून कोणी निघू नये. कुणाच्या डोक्याला मार बसला असेल आणि डोकं दुखणं, ओकारी, झोपाळूपणा किंवा विसरभोळेपणा दिसत असेल, तर १०८ ला फोन करून गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) न्या. त्या रात्री त्याने एकट्याने झोपू नये. डॉक्टरांनी सांगेपर्यंत बॉलला पाय लावायचा नाही, आणि परतीही टप्प्याटप्प्याने: आधी चालणं, मग धावणं, मग बॉल, मग धक्काबुक्कीचा सराव, आणि सामना सर्वांत शेवटी. मध्ये त्रास परत जाणवला तर एक पायरी मागे.

संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर चार दिवस फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा. रात्री अकराला रागात लिहिलेली एक ओळ पुढचे सहा महिने दोन मुलांना एकमेकांना पास देऊ देत नाही. संघ फुटण्याची सुरुवात बहुधा इथूनच होते.

चौथ्या किंवा पाचव्या दिवशी एखाद्या वर्गात पाऊण तासाची बैठक घ्या. आधी प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि नाव न घालता तीन उत्तरं लिहायला सांगा: हंगामात आपलं काय चांगलं होतं जे सोडायचं नाही, आपण पुन्हा पुन्हा कुठे अडकलो, आणि सरावात काय बदलायला हवं. कर्णधाराने कागद मोठ्याने वाचावेत. बोलायची पाळी पहिल्या वर्षाच्या मुलांपासून सुरू करा. थोरले आधी बोलले की धाकटे त्यांच्याच बोलण्याला मान डोलावतात आणि खरी माहिती कागदावरच राहते. शेवटच्या सामन्याचा व्हिडिओ या बैठकीत दाखवू नका, त्याची जागा पुढच्या कामात आहे.

गोलांचा तक्ता

हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि याला दोन संध्याकाळी पुरतात. हंगामातल्या प्रत्येक गोलासाठी एक ओळ करायची. रकाने असे: कुणाविरुद्ध, कितव्या मिनिटाला, कसा (चालू खेळात, कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन की पेनल्टी), शेवटचा पास कुठल्या बाजूने आला, आणि त्याआधी बॉल कुठे गमावला किंवा कुठे जिंकला. खेळाडूंची नावं लिहायची नाहीत, जागा लिहायच्या: ‘उजवा बॅक’, ‘डावा सेंटर बॅक’. क्रीडा शिक्षक, कर्णधार आणि राखीव बाकावर बसणारा एखादा चौकस मुलगा, अशा तिघांनी वेगवेगळे तक्ते भरून नंतर जुळवावेत. बाकावरच्या मुलाला खेळ पूर्ण दिसलेला असतो, त्याची नोंद अनेकदा सर्वांत अचूक निघते.

शेवटचा रकाना नीट भरला नाही तर तक्त्याचा उपयोग नाही. व्हिडिओ गोलाच्या १५ सेकंद मागे न्या. ‘सेंटर बॅक घसरला’ अशी नोंद मागे नेली की बहुतेक वेळा कळतं, बॉल आपल्याच थ्रो-इनवर गेला होता, आणि तेव्हा आपले सहा जण बॉलच्या पुढे उभे होते. घसरलेल्या मुलाला रागावून थ्रो-इन सुधारत नाही.

सामने सगळीकडे ९० मिनिटांचे नसतात. साखळीचे सामने ३५-३५ मिनिटांचे असतील तर ७० मिनिटांचे सहा सारखे भाग पाडा आणि कुठल्या भागात किती गोल झाले ते मोजा. फुटबॉलमध्ये एकंदरीतच शेवटच्या भागात गोल जास्त होतात, त्यामुळे तिथे थोडा फुगवटा दिसला तर घाबरू नका. आपल्यावरचे निम्म्याहून जास्त गोल शेवटच्या दोन भागांत असतील तर मात्र प्रश्न दमाचा किंवा बदली खेळाडूंचा आहे, बचावाच्या रचनेचा नाही.

समजा, सहा सामन्यांत आपल्यावर नऊ गोल झाले. चार कॉर्नर आणि फ्री किकवर, तीन शेवटच्या वीस मिनिटांत चालू खेळात, दोन इतर. मग पुढच्या वर्षीची दोन कामं ठरली: उभ्या बॉलचा बचाव आणि दम. नवा फॉर्मेशन (मैदानावरची मांडणी) काढायचं कारण या तक्त्यात नाही. एका वर्षात दोन, फार तर तीन गोष्टी सुधारता येतात. सात गोष्टींची यादी करणारा संघ सातही अर्धवट ठेवतो.

पुढच्या हंगामासाठी व्हिडिओची सवय आत्ताच बदला. मोबाइल ट्रायपॉडवर, मध्यरेषेच्या सरळ रेषेत, शक्य तितका उंच (गॅलरीची वरची पायरी किंवा इमारतीचा पहिला मजला) आणि आडवा ठेवा. झूम करून बॉलच्या मागे फिरवलेल्या चित्रीकरणात बचावफळीतलं अंतर दिसत नाही, आणि आपल्याला तेच बघायचं असतं.

नशीब किती, चूक किती

हरलेल्या सामन्यात आपण १२ फटके मारले आणि गोल झाला नाही, तर तो संघ गोल मारायला नालायक ठरतो का? व्यावसायिक फुटबॉलमध्ये ढोबळमानाने दहा फटक्यांत एक गोल होतो. तोच हिशेब धरला तर १२ फटक्यांत एकही गोल न होण्याची शक्यता ०.९ चा १२वा घात, म्हणजे सुमारे २८ टक्के येते. चार सामन्यांत एकदा असं घडणारच. म्हणून एका सामन्याच्या ०-२ वरून स्ट्रायकर बदलू नका.

पूर्ण हंगामाचे फटके मात्र मोजा, पेटीच्या (गोलासमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या) आतले आणि बाहेरचे वेगळे, कारण बाहेरून मारलेल्या फटक्यांचे गोल फार कमी होतात. आतले आपले फटके भागिले दोन्ही संघांचे आतले फटके: हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर असेल तर संघ मुळात बरा आहे आणि गोल येतील. ४५ च्या खाली असेल तर जिंकलेले सामनेही थोडे नशिबाने जिंकलेत, आणि पुढच्या वर्षी नशीब फिरण्याआधी काम करायला हवं. हे आकडे आम्ही अनुभवाने धरतो. सहा-सात सामन्यांपेक्षा कमी नोंद असेल तर त्यांच्यावर फार भार टाकू नका.

पेनल्टी शूटआउटवर हरलेल्या संघालाही हेच लागू. उत्तम खेळाडूंच्याही चारातल्या तीन पेनल्टी आत जातात. त्या हिशेबाने पाचही आत जाण्याची शक्यता २४ टक्क्यांहून कमी आहे. ज्याची चुकली त्याला वर्षभर ते ऐकवत राहणं हा अन्याय आहे, आणि मूर्खपणाही, कारण पुढच्या वर्षी तोच मुलगा बॉल हातात घ्यायला पुढे येणार नाही. उपाय सोपा आहे: सरावाच्या शेवटी, सगळे दमलेले असताना, प्रत्येकाने ११ मीटरवरून एकच फटका मारायचा. बॉल ठेवण्याआधी कोपरा ठरवायचा आणि धावताना तो बदलायचा नाही. वर्षभर नोंद ठेवा. पाच नावं त्या वहीतून निघावीत, सामन्याच्या दिवशी ‘कोण मारतो?’ असं विचारायची वेळ येऊ नये.

कोण राहणार: मिनिटांचा हिशेब

कॉलेजचा संघ दर वर्षी आपोआप बदलतो. शेवटच्या वर्षाची मुलं किती, एवढ्यावर थांबू नका, ती किती मिनिटं खेळली ते बघा. सहा सामने, प्रत्येकी ७० मिनिटं, ११ खेळाडू: एकूण ४,६२० खेळाडू-मिनिटं. जाणाऱ्या मुलांची मिनिटं १,८४८ असतील तर ४० टक्के खेळ बाहेर चालला आहे. ३५ टक्क्यांपर्यंत असेल तर खेळाची पद्धत तीच ठेवा. ५५ च्या वर असेल तर नवा संघ बांधतो आहोत हे उघड मान्य करा आणि व्यवस्थापनालाही तसं सांगा, म्हणजे पहिल्याच सामन्यात चषकाची अपेक्षा मुलांच्या डोक्यावर बसत नाही. मधल्या आकड्यांत एक गोष्ट निर्णायक ठरते. गोलकीपर, सेंटर बॅक, मधल्या फळीचा मुख्य खेळाडू आणि स्ट्रायकर या चौघांपैकी किती राहतात? दोन किंवा जास्त जात असतील तर टक्केवारी कमी दिसली तरी काम मोठं आहे.

गोव्यात हा हिशेब कागदावर पुरा होत नाही, प्रत्येक मुलाला वेगळं बसवून विचारावं लागतं. २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आल्यामुळे तिसऱ्या वर्षानंतर काही जण निघतात, काही चौथ्या वर्षाला थांबतात. कुणाचं जहाजावरच्या नोकरीचं बोलणं चालू असतं, कुणाचे परदेशी जायचे कागद तयार असतात, कुणाला क्लबने बोलावलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये विचारलं तर उत्तर मिळतं. जूनमध्ये विचारलं तर मुलगा गेलेला असतो. पुढच्या वर्षी खेळायला तो पात्र आहे का, वयोमर्यादा ओलांडत नाही ना, प्रवेश वेळेत होतो ना, हेही त्याच बैठकीत विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या चालू नियमांशी ताडून घ्या.

मग सर्वांत नाजूक विषय: बाहेरचे सामने. कॉलेजची बरीच चांगली मुलं गोवा फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांत क्लबकडूनही खेळतात, आणि कापणीनंतर शेतं रिकामी झाली की गावोगावच्या स्पर्धांत बक्षिसासाठीही. यात काही गैर नाही, गोव्याचा फुटबॉल तिथेच वाढला. पण महाविद्यालयाला तो खेळ दिसत नाही, म्हणून शनिवारी क्लबचा, रविवारी गावचा आणि सोमवारी कॉलेजचा सामना खेळलेला मुलगा मंगळवारी मांडीचा मागचा स्नायू धरून बसतो. मनाई करू नका, ती कुणी पाळत नाही. त्याऐवजी प्रत्येकाकडून रोजची एक नोंद घ्या: किती मिनिटं खेळला आणि किती कठीण गेलं, एक ते दहापैकी. दोन्हींचा गुणाकार करा. ९० मिनिटांचा सामना कठीणपणा ८ वर, म्हणजे ७२०. आठवड्याची बेरीज मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या दीडपट होताना दिसली की त्या मुलाचा कॉलेजचा सराव कमी करा. खोटी नोंद तेव्हाच येते जेव्हा खरी दिल्यावर बाकावर बसवलं जातं, म्हणून नोंदीवरून शिक्षा कधीच नको.

नव्या मुलांची निवड

प्रवेश सुरू होण्याआधीच जवळच्या उच्च माध्यमिक शाळांच्या शारीरिक शिक्षकांशी बोला. सुब्रतो कप ही शालेय फुटबॉल स्पर्धा खेळलेली मुलं तुमच्या जागांपैकी कुठल्या भरू शकतात ते त्यांना ठाऊक असतं. तक्त्यावरून तुम्हाला डाव्या पायाचा बॅक हवा असेल तर तेच विचारा, ‘चांगला प्लेअर आहे का?’ असं मोघम नको.

निवड चाचणीत ११ विरुद्ध ११ खेळवून काही कळत नाही. अनोळखी मुलं, एक बॉल, आणि लाजरा मुलगा अर्ध्या तासात चार वेळा बॉलला स्पर्श करतो. सुमारे ३० बाय २० मीटरच्या चौकोनात ४ विरुद्ध ४, प्रत्येकी चार मिनिटं, दर डावाला संघ बदलून, असं दोन दिवस खेळवा. ज्याचा संघ पुन्हा पुन्हा जिंकतो त्याच्याकडे नजर ठेवा, तो स्वतः चमकला नसला तरी. पहिल्या दिवशी दिसलेली चपळाई दुसऱ्या दिवशी टिकली का, तेही बघा.

पावसाळा: संघ इथेच घडतो

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कॉलेजची पहिली सहामाही नेमकी तेव्हाच. मैदान मिळत नाही म्हणून सराव ऑक्टोबरपर्यंत ढकलणारा संघ दम आणि ताकद दोन्ही गमावून मैदानात उतरतो.

बॉल छातीच्या उंचीवरून सोडा. उडालाच नाही तर त्या मैदानावर खेळू नका, गुडघे आणि मैदान दोन्ही खराब होतात. म्हापशाच्या पेडेंसारखं इनडोअर संकुल किंवा कॉलेजचा हॉल मिळत असेल तर तिथे फुटसाल (हॉलमधला पाच-पाच जणांचा फुटबॉल) खेळा, पण मैदानाच्या बॉलने नव्हे. फुटसालचा बॉल ४ नंबरचा, घेर ६२ ते ६४ सेंटिमीटर, आणि उडी कमी असलेला. मोठा बॉल हॉलमध्ये टप्पे खात फिरतो आणि पायाखाली बॉल थांबवायची सवयच लागत नाही.

बारा आठवड्यांचा आराखडा पुरतो. पहिले चार आठवडे ताकद. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी ‘नॉर्डिक’ हा व्यायाम सर्वांत कामाचा: गुडघ्यांवर बसा, जोडीदाराने घोटे दाबून धरावेत, आणि कंबर सरळ ठेवून शरीर शक्य तितकं हळू पुढे झुकवत जमिनीवर हात टेका. पहिल्या आठवड्यात एकदाच, ५-५ चे दोन संच. दुसऱ्यात दोनदा, ६-६ चे दोन. तिसऱ्यात तीनदा, ६ ते ८ चे तीन संच. चौथ्यात तीनदा, ८ ते १० चे तीन. पाचव्यापासून १२, १० आणि ८. पहिल्याच दिवशी तीस मारायला लावले की मुलं तीन दिवस जिना उतरू शकत नाहीत आणि व्यायामाला कायमची घाबरतात. पाठीत वाकून पुढे जाणं ही नेहमीची चूक, त्यात स्नायूला काम पडतच नाही.

पुढचे चार आठवडे दम. चार मिनिटं जोरात, म्हणजे दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येणार नाही इतक्या जोरात, मग तीन मिनिटं सावकाश धावणं, असं चारदा, आठवड्यातून दोन वेळा. बॉलसह हवं असेल तर ४ विरुद्ध ४ चालतं, पण बॉल बाहेर गेला की लगेच दुसरा आत टाकायला कडेला माणूस उभा करा, नाहीतर चार मिनिटांतली दीड मिनिटं बॉल आणण्यात जातात. शेवटचे चार आठवडे तक्त्यात निघालेल्या दोन-तीन कामांसाठी.

प्रत्येक सरावाआधी फिफाचा ‘११+’ करा: २० मिनिटं, १५ व्यायाम, आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगात. २००८ मध्ये नॉर्वेच्या शालेय वयाच्या मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. मुलींच्या संघाने तर तो कधीच वगळू नये, कारण गुडघ्याचा लिगामेंट फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दोन-तीन पट असतो. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात का, तेवढं एक जरी शिक्षकाने रोज बघितलं तरी खूप झालं.

सरावाची वेळ बसच्या वेळापत्रकावर ठरवा. साडेचार ते सहा ही वेळ बहुतेकांना जमते. भरलेले तीन सराव अर्ध्या रिकाम्या पाच सरावांपेक्षा बरे. ७५ टक्के हजेरीची अट सगळ्यांना आहे, म्हणून स्पर्धेच्या दिवसांचं पत्र आधीच विभागात द्या. आणि गणेश चवथीचा आठवडा आराखड्यात मोकळाच धरा, त्या दिवसांत कुणी येणार नाही, येऊही नये. घरी करायला २५ मिनिटांचे तीन सराव लिहून द्या: ११+ चा मधला भाग, नॉर्डिकचा एक हलका संच, दहा वेगवान धावा.

चिखलात खेळायचंच असेल तर पायावरची प्रत्येक जखम आधी झाकून घ्या आणि नंतर लगेच साबणाने धुवा. एक-दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना ‘चिखलात खेळलो होतो’ हे आपणहून सांगायला मुलांना शिकवा, लेप्टोस्पायरोसिसचा (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा) विचार त्यांना तेव्हाच सुचतो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला. चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवले की डिंक सुटून तळवा उघडतो. पावसानंतर जांभ्याच्या मातीचं मैदान कडक होतं. तेव्हा लांब स्टड चालत नाहीत, आखूड आणि संख्येने जास्त स्टड असलेले बूट घ्या, नाहीतर टाचा आणि नडगी दुखायला लागते.

कॉर्नरचा बचाव

हे वेगळं घेतलं, कारण कॉलेजच्या पातळीवर सगळ्यात स्वस्तात गोल इथेच वाचतात. अकरा जण असे उभे करा: गोलकीपर, जवळच्या खांबाजवळ एक, साडेपाच मीटरच्या रेषेवर तीन, समोरच्यांच्या उंच खेळाडूंना चिकटून चार, पेटीच्या तोंडाशी एक आणि मध्यरेषेजवळ एक. रेषेवरचे तिघे माणूस बघत नाहीत, फक्त बॉल बघतात आणि पुढे जाऊन हेड करतात. चिकटलेले चौघे उलट: हातभर अंतर ठेवून माणूस आणि बॉल दोन्ही दिसतील असे तिरके उभे राहतात. पाठ बॉलकडे फिरली की माणूस सुटला.

बिघडतं ते पहिल्या हेडनंतर. बॉल पेटीच्या तोंडाशी पडतो आणि तिथला आपला एकुलता खेळाडू उत्साहात आत शिरलेला असतो. त्याला जागा सोडायची परवानगीच नाही. बॉल बाहेर गेला की सगळ्यांनी एकदम पाच पावलं पुढे यायचं, हाक गोलकीपरची. भारताचे माजी गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या प्रदेशातल्या गोलकीपरला हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं: हाक लवकर आणि एकाच शब्दात. ओला बॉल गर्दीत पकडायला जायचं नाही, दोन मुठींनी कडेला काढायचा. पकडलाच तर आठ सेकंदांत सोडायचा. २०२५ च्या नियमबदलानंतर जास्त वेळ धरला तर समोरच्यांना थेट कॉर्नर मिळतो, आणि आपण नुकताच वाचवलेला धोका पुन्हा उभा राहतो.

आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, बारा-पंधरा कॉर्नर, खऱ्या विरोधासह. विरोधाशिवाय केलेला हा सराव वेळ घालवणं आहे.

पाणी आणि जेवण

आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर प्यायला हवं, एका दमात नव्हे, आणि नुसतं पाणीही नव्हे. एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पुडी, किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत, किंवा शहाळ्यासोबत थोडं खारट. सामन्याच्या तीन तास आधी उकड्या तांदळाची पेज किंवा शीत (भात), पातळ डाळ आणि थोडी भाजी. तळलेली मासळी, नारळाची दाट कडी आणि कांद्याची भजी रात्रीसाठी ठेवा, पोट जड राहतं. पाऊण तास आधी एक केळं. सामन्यानंतर तासाभरात भात, मुगाचं किंवा चवळीचं तोणाक (रस्सा) आणि मिळाला तर बांगडा. परीक्षेच्या दिवसांत मुलं पोई (गोव्याचा पाव) आणि चहावर राहतात. वजन घटत चाललं तर त्याचं कारण आधी इथे शोधा.

पहिला सराव सामना

पाऊस ओसरल्यावर पहिला सामना सोप्या संघाशी ठेवू नका. गावच्या एखाद्या दणकट क्लबला विनंती करा आणि हरण्याची तयारी ठेवा. तक्त्यातली दोन-तीन कामं एका कागदावर लिहा आणि बाकावरच्या मुलाला तेवढंच मोजायला सांगा: किती कॉर्नरवर पहिला बॉल आपण हेड केला, शेवटच्या वीस मिनिटांत पेटीच्या आत आपल्यावर किती फटके झाले, थ्रो-इनवर किती वेळा बॉल आपल्याकडे राहिला. मागच्या हंगामाचे तेच आकडे शेजारच्या रकान्यात लिहा. सामना ०-४ ने गेला आणि हे आकडे सुधारलेले असतील तर सराव तसाच चालू ठेवा. २-० ने जिंकूनही आकडे जुनेच असतील तर पुढच्या आठवड्याचा सराव त्याच कामापासून पुन्हा सुरू करा, आणि पुढचा सराव सामना दहा दिवसांच्या आत लावा.